मोहरीएवढा मावळा

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे गल्लोगल्ली किल्ले उभे राहू लागतात. विटा, दगड, त्यावर गोणपाट, गोणपाटावर कालवलेली माती आणि मातीवर पेरलेली मोहरी नाहीतर हाळीव. माझं बालपण सोलापुरातल्या एका चाळीत गेलं. चाळीत सगळ्या जातिधर्मांची पोरं होती आणि किल्ला मात्र सगळ्यांचा मिळून एकच असे. माती वाहून आणायचं काम माझ्याकडे. कारण माझे वडील गवंडी होते आणि आमच्या घरात घमेलं होतं.

किल्ला तयार झाला की बाजारातून आणलेले मातीचे मावळे त्यावर मांडायचे. इथे दरवर्षी एक गंमत व्हायची. दरवाजावर पहारा देणारा मावळा दरवाजापेक्षा उंच असायचा. त्याला आत जायचं म्हटलं तर किल्लाच फोडावा लागला असता. तोफ बुरुजापेक्षा लांब असायची आणि तळ्यातलं बदक शेजारच्या हत्तीएवढं. आम्हाला त्यात काहीही वावगं वाटत नसे. पण याच गमतीत शाळेतला एक अवघड धडा लपलेला आहे. त्या धड्याचं नाव 'गुणोत्तर आणि प्रमाण'. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. कवी म्हणवणाऱ्या माणसाने गणितावर बोलावं याचं कुणाला नवल वाटेल. मलाही वाटतं. पण ओळीतल्या लघु-गुरूंच्या मात्रा मोजण्यात ज्याचा जन्म गेला, तो गणितापासून पळून पळून जाणार तरी कुठे?

आधी मावळ्याचा हिशोब करू. मातीचा मावळा ११ सेंटिमीटरचा धरा आणि खरा माणूस १६५ सेंटिमीटरचा. म्हणजे मावळा हा खऱ्या माणसाचा पंधरावा हिस्सा झाला. पुस्तकात हे १:१५ असं लिहितात, गवंडी म्हणतो 'एकास पंधरा'. आता किल्लाही एकास पंधराच करायचा म्हटलं तर? रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्याला पंधराने भागलं की जवळजवळ ५५ मीटर येतात. एक मजला तीन मीटरचा धरला तर ही झाली अठरा मजली इमारत! तेवढी माती आमच्या एका घमेल्याने वाहायची म्हणजे सगळ्या चाळीची हयात गेली असती.

हा हिशोब मी आज मजेत करतो. सातवीत असताना मात्र मला तो येत नव्हता. एक दिवस वर्गात गुरुजींनी विचारलं, "नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर, तर नकाशावरचे ७ सेंटिमीटर म्हणजे किती?" मी हात वर केला आणि ठणकावून सांगितलं, "सहा." दोनाचा एक झाला, म्हणजे एकाने कमी झाला, तेव्हा साताचे सहा. माझ्या दृष्टीने हिशोब चोख होता. गुरुजी म्हणाले, "गवंड्याच्या पोराला गणित कशाला? थापी धर हातात." सगळा वर्ग हसला. शाळेचं नाव मी सांगत नाही. गुरुजी आता हयात नाहीत आणि ते वाईट माणूस नव्हते. पण ते हसणं माझ्या कानात अजून आहे. त्यानंतर मी वर्गात गणिताच्या तासाला हात वर केला नाही. शाळेच्या एका अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'ठेकेदार' असं लिहिलं. दहावीला गणितात कसाबसा पास झालो आणि त्या विषयाशी सोडचिठ्ठी घेऊन बी.ए.ला गेलो.

आता यातली गोम सांगतो. ज्या दिवशी मी 'सहा' म्हटलं, त्याच संध्याकाळी कामावर अब्बा मला म्हणाले असतील, "एकास सहाचा माल कालवायचाय. दोन घमेली सिमेंट घेतलंय, वाळू किती घेशील?" आणि मी क्षणाचाही विचार न करता 'बारा' म्हटलं असेल. 'असेल' म्हणतो, कारण हे सुटीच्या प्रत्येक दिवशी व्हायचं. दोन घमेल्यांना सात घमेली वाळू, असं मी एकदाही म्हटलं नाही. वर्गात मी बेरीज-वजाबाकीने विचार करत होतो आणि मालाच्या ढिगापाशी गुणाकाराने. डोकं एकच होतं, पण वर्गातल्या आकड्यांना वजन नव्हतं, आणि ढिगापाशी एक घमेलं कमी पडलं तर गिलावा झडतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

गुणोत्तराच्या धड्यात मुलं कुठे अडतात, तर नेमकी इथे. लहान करायचं म्हणजे काहीतरी वजा करायचं, मोठं करायचं म्हणजे काहीतरी मिळवायचं, असं मुलाचं मन सांगतं. प्रमाणात मात्र वजा करायचं नसतं, भागायचं असतं. आणि सगळ्यांना एकाच आकड्याने भागायचं असतं. ही गोष्ट फळ्यावर शंभर वेळा लिहून जेवढी पटत नाही, तेवढी एक पुठ्ठ्याची खोली करून पटते. हे मी ऐकीव सांगत नाही, पाहिलेलं सांगतो.

काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका शाळेत मला कविता वाचायला बोलावलं होतं. कविता वाचून झाल्यावर बाईंनी सातवीच्या वर्गात नेलं. तिथे मुलं पुठ्ठे कापत बसली होती. स्वतःच्या वर्गाचीच प्रतिकृती करायची होती. मी सहज टेकलो आणि मग पुढचे कितीतरी शनिवार तिथे जात राहिलो.

पद्धत अगदी साधी आहे, घरीही करता येईल. आधी टेपने खोली मोजायची. त्या वर्गाची लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर. प्रमाण ठरलं एकास वीस. ८ मीटर म्हणजे ८०० सेंटिमीटर, भागिले वीस, ४० सेंटिमीटर. ६ मीटरचे ३० सेंटिमीटर. दोन मीटर उंचीचा दरवाजा १० सेंटिमीटरचा झाला. पाऊण मीटर उंचीचं बाक पावणेचार सेंटिमीटरचं. बाईंची उंची १६० सेंटिमीटर, म्हणून पुठ्ठ्याच्या बाई आठ सेंटिमीटरच्या. मुलं त्यावर खूश! सूत्र कुणीही सांगितलं नव्हतं. फक्त एक नियम होता: जे जे आत येईल त्याला वीसने भागायचं. कुणाला सूट नाही, बाईंनाही नाही.

मग बाईंनी मुलांना कोड्यात टाकलं. म्हणाल्या, "या ४० बाय ३० च्या खोलीचा अजून एक धाकटा भाऊ करा. लांबी २० ठेवा." निम्म्या गटांनी लांबी वीसने कमी झाली म्हणून रुंदीही वीसने कमी केली आणि २० बाय १० ची खोली कापली. म्हणजे माझंच 'सहा' हे उत्तर! पण इथे कुणी हसलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "आता बाकं लावा." बाकांच्या दोन रांगा लावल्या तर मधून जायला वाट उरेना. एक मुलगी म्हणाली, "बाई, ही खोली नाही, ही बोळ झाली." तिने दोन्ही खोल्या शेजारी ठेवल्या आणि स्वतःच शोधून काढलं. मोठ्या खोलीत लांबीचे चार भाग केले तर रुंदीत तसे तीन भाग बसत होते. धाकटीतही चारास तीनच बसायला हवेत, म्हणजे २० ला १५. चूक कुणीतरी दाखवण्याआधी पुठ्ठ्याने दाखवली. असं झालं की मुलाला आपल्या चुकीची लाज वाटत नाही, कुतूहल वाटतं.

त्या वर्गात एक मुलगा होता. मागे बसायचा, गणिताच्या चाचणीत त्याला भोपळा मिळाला होता. सगळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्यावर तो हळूच म्हणाला, "भिंत चुकली." का, असं विचारलं तर म्हणाला, "आपली भिंत नऊ इंची आहे. हा पुठ्ठा लई पातळ आहे." त्याचे वडील बांधकामावर जात होते. नऊ इंच म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर. वीसने भागल्यावर साडेअकरा मिलिमीटर. आणि पुठ्ठा होता दोन मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या मापाने फक्त चार सेंटिमीटरची भिंत! त्या पोराने सहा पुठ्ठे एकावर एक चिकटवून बारा मिलिमीटरची भिंत केली. त्या दिवसापासून अडलेला गट त्याला हाक मारू लागला. मी मात्र त्याच्याकडे पाहत राहिलो. मला माझा अर्जातला तो रकाना आठवत होता.

लांबी-रुंदीचं जमलं की पुढची पायरी क्षेत्रफळाची. इथे मोठी माणसंही फसतात. प्रमाण एकास वीस असेल तर खऱ्या वर्गाची फरशी प्रतिकृतीच्या फरशीच्या किती पट? बहुतेक सगळे म्हणतात, वीस पट. बाईंनी मुलांना पाच सेंटिमीटर बाजूचे चौकोन कापायला लावले. प्रतिकृतीत असा एक चौकोन म्हणजे खरा एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौरस. मग जमिनीवर खडूने एक मीटरचा चौरस आखला आणि त्यात हे तुकडे मांडायला सांगितलं. एका रांगेत वीस तुकडे बसले आणि अशा रांगा झाल्या वीस. वीस गुणिले वीस, चारशे. वर्गभराने कापलेले तुकडे संपले, तरी चौरस भरेना! 'समरूप आकृत्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं' हा सिद्धान्त त्रिकोणांच्या रूपाने दहावीच्या भूमितीत येतो. तेव्हा तो घोकावा लागतो. सातवीतल्या या मुलांच्या तो गुडघ्यांना आणि बोटांना कळला होता.

घनफळाची गोष्ट त्याहून पुढची. त्यासाठी सहलीचा उपयोग झाला. सोलापूरहून विजापूर, म्हणजे २०१४ पासूनचं विजयपूर, साधारण शंभर किलोमीटर. शाळेच्या सहली तिथे ठरलेल्या. मुहम्मद आदिलशहाचा गोलघुमट १६५६ च्या सुमारास पुरा झाला. चौरस इमारतीची एक बाजू सुमारे साडेसत्तेचाळीस मीटर, आणि घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. परत आल्यावर मुलांनी एकास दोनशे प्रमाणात गोलघुमट करायला घेतला. बाजू आली २४ सेंटिमीटरला थोडी कमी आणि घुमट आला २२ सेंटिमीटरचा. एवढा गोल आणायचा कुठून? एका मुलाने फुटबॉल मोजला. बरोबर २२ सेंटिमीटरच्या आसपास! मग अर्ध्या फुटबॉलवर कागदाचा लगदा थापला, वाळल्यावर चेंडू काढून घेतला आणि घुमट तयार झाला.

वाळलेल्या घुमटाची जाडी चार मिलिमीटर भरली. त्याला दोनशेने गुणलं की ८० सेंटिमीटर. पण खऱ्या घुमटाची जाडी बुडाशी सुमारे तीन मीटर आहे. मुलांनी विचारलं, आमचा घुमट एवढ्याशा जाडीवर मजेत उभा आहे, मग त्या कारागिरांनी एवढी जाडी का वापरली?

प्रश्न फार मोलाचा होता. उत्तर असं की, वस्तू सगळ्या बाजूंनी दोनशे पट मोठी केली तर तिच्या भिंतीचा छेद, ज्यावर भार पेलला जातो, तो दोनशे गुणिले दोनशे म्हणजे चाळीस हजार पट होतो. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी वाढतं, म्हणजे दोनशेला तीनदा गुणायचं. ते झालं ऐंशी लाख पट. पेलणारं चाळीस हजार पट आणि भार ऐंशी लाख पट. सामान तेच ठेवलं तरी प्रत्येक बोटभर जागेवरचा ताण दोनशे पट झाला. म्हणून छोट्या प्रतिकृतीत जे उभं राहतं, ते तसंच्या तसं मोठं केलं तर उभं राहील याची खात्री नसते. इटलीच्या गॅलिलिओने १६३८ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात हा विचार मांडला. विजापूरच्या कारागिरांनी तो ग्रंथ पाहिला असेल असं वाटत नाही. पण त्याच शतकात, हाताच्या अनुभवावर, त्यांनी दगडचुन्यात तो विचार उभा केला.

हाताचं गणित आपल्याकडे परकं नाही. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. ते पाढे म्हणजे गुणोत्तरांचेच पाढे होते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिकाला फार मोठं स्थान दिलं. तीन गोष्टी माहीत असताना चौथी काढायची, एवढंच ते त्रैराशिक. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाची नोंद आहे. माझ्या अब्बांना ना लीलावती ठाऊक होती, ना पायथागोरस. पण पाया आखताना ते दोरीला गाठी मारायचे. तीन फुटांवर एक खूण, चार फुटांवर एक, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं की कोपरा काटकोनात आला. जागा मोठी असेल तर सहा, आठ, दहा. मग वरून फक्कीची रेघ. मी एकदा विचारलं होतं, "अब्बा, छे-आठ-दस क्यूं?" ते म्हणाले, "वोच है रे, खाली बडा है." तेच आहे, फक्त मोठं आहे. समरूपतेची याहून सोपी व्याख्या मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. पण तेव्हा मला ती व्याख्या आहे हेच कळलं नाही. अब्बा गेले तेव्हाही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं की त्यांना गणित येत होतं. सांगू शकणारा मी होतो, आणि मला ते माहीत नव्हतं.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलाला गुणोत्तर येत नाही असं म्हणण्याआधी त्याच्या हातात टेप, पुठ्ठा आणि कात्री द्या. घरातली एक खोली मोजायला लावा. प्रमाण त्यालाच ठरवू द्या. एकास वीस घ्यायचं की एकास पन्नास, यावर त्याला भांडू द्या. आणि त्याच्या घरचं काम काय आहे ते विचारा. शिंप्याच्या घरी प्रमाण आहे, सुताराच्या घरी आहे, मोठ्या पातेल्यात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात आहे. चार माणसांच्या आमटीचं मीठ चाळीस माणसांना कसं करायचं, हे तिला कुठल्याही धड्यात शिकवलेलं नाही.

आता पुन्हा किल्ल्याकडे येऊ. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या मुलांना मी विचारलं, "यंदा मापाने करायचा का?" ती तयार झाली. प्रमाण धरलं एकास हजार. हिशोबाला सोपं, एक मीटरचा एक मिलिमीटर. रायगडाची ८२० मीटर उंची झाली ८२ सेंटिमीटर, म्हणजे गल्लीत मावणारा किल्ला. मग प्रश्न आला मावळ्याचा. १६५ सेंटिमीटरला हजाराने भागलं तर दीड मिलिमीटरहून थोडं जास्त. बाजारातला एकही मावळा चालणार नव्हता. मुलं हिरमुसली. तेवढ्यात एका छोट्या मुलीने मूठ उघडली. किल्ल्यावर पेरायला आणलेली मोहरी तिच्या हातात होती. पट्टीवर एक दाणा ठेवून पाहिला. माप जवळपास बरोबर!

मग मुलांनी वाटेच्या वळणावळणाने एकेक मोहरी ठेवली. उभे कडे, त्यांच्या पायथ्याशी ती काळी टिंबं. पोरं गप्प झाली. एवढा मोठा डोंगर आणि एवढी छोटी माणसं चढून गेली, हे इतिहासाच्या पुस्तकातून त्यांना असं कधी दिसलं नव्हतं.

मातीचा मोठा मावळा आम्ही टाकून दिला नाही. त्याला बाजूच्या ओट्यावर मानाने बसवलं. ज्याच्याबद्दल प्रेम वाटतं त्याला मोठा करणं हेही एक मापच आहे, कवी म्हणून मी ते नाकारणार नाही. फक्त कुठे कोणतं माप लावायचं हे मुलाला कळलं पाहिजे. चार दिवसांनी पाणी मिळून मोहरीला कोंब फुटले. मुलं धावत सांगायला आली, "काका, मावळे उगवले!"